रहस्यकादंबऱ्या वाचायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी, ठाण्यातून

वेबसिरीज बघून बघून कंटाळलेली बरीच मंडळी हल्ली विचारतात, अगं तू ते खुनाबिनाचं वाचतेस ना, मला पण एखादं सुचव की. एखादं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे पण मी तसं करत नाही, कारण माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी पहिलंच पुस्तक म्हणून सहाशे पानांचं, तीस-चाळीस परदेशी नावांचं काहीतरी उचललं, कोण कोणाचा कोण हेच कळेना म्हणून मधेच ठेवून दिलं आणि वर "आपल्याला बुवा वाचन जमत नाही" असं ठरवूनही टाकलं. जमतं हो. फक्त क्रम चुकतो. म्हणून मी ज्या क्रमाने सांगते तो इथे सविस्तर लिहून काढतेय, ज्याला जे हवं ते घ्या.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. चांगल्या रहस्यकादंबरीच्या शेवटी धक्का बसला पाहिजे हे खरं, पण लगेच पाठोपाठ "अरे हे तर आपल्या डोळ्यासमोरच होतं की" असंही वाटलं पाहिजे. नुसता धक्का कोणीही देऊ शकतं, शेवटच्या प्रकरणात एखादा नवीनच माणूस आणून उभा केला की बसतो धक्का. वाचकाला सगळं दाखवायचं आणि तरी चकवायचं, हे अवघड, आणि मी हा प्रकार वाचते तो त्यासाठीच.

आधी ठरवा, तुम्हाला नक्की काय हवंय

सगळ्याला मिळून आपण थ्रिलर म्हणतो पण आत बरेच प्रकार आहेत आणि चुकीचा प्रकार हातात पडला तर चांगलं पुस्तकसुद्धा बोअर होतं. एक म्हणजे सरळ "खुनी कोण" प्रकार, बंगला, आठ-दहा माणसं, एक प्रेत, आणि त्यातलाच एक खुनी. डोकं चालवायला आवडत असेल तर हा तुमचा. दुसरा पोलीस तपासाचा, त्यात कोडं कमी आणि माणसं, खातं, कागदपत्रं, वरच्या साहेबाचं प्रेशर हे जास्त असतं, हळू चालतो पण मला वय वाढेल तसा हाच जास्त आवडायला लागलाय. तिसरा थरार, म्हणजे बॉम्ब फुटायला बारा तास राहिलेत, पळा, यात गुन्हेगार कोण ते बहुतेक वेळा आधीच कळतं, प्रश्न एवढाच की थांबवता येईल का. चौथा घरातला मानसिक सस्पेन्स, नवरा खोटं बोलतोय का बायको खोटं बोलतेय, आणि मुख्य म्हणजे जी व्यक्ती आपल्याला गोष्ट सांगतेय तीच खोटं बोलतेय का.

आणि पाचवा माझा सगळ्यात लाडका, ज्यात खून कोणी केला हे सुरुवातीलाच आपल्यासमोर घडतं. नवीन लोकांना वाटतं मग उरलं काय? तर उरतं हे की हा माणूस सुटणार कसा, पोलिसांना दिसत नाहीये ते आपल्याला तरी नीट दिसतंय का. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची 2005 ची "द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स" ही याच जातीची, तिला जपानमधलं मानाचं नाओकी पारितोषिक मिळालं होतं, इंग्रजी भाषांतरही सोपं आहे. पण ती पहिली वाचू नका. "खुनी कोण" प्रकारातली चार-पाच वाचून मग घ्या, तोवर नेहमीची चाल तुमच्या अंगवळणी पडलेली असेल आणि हिगाशिनो काय करतात ते तेव्हाच खऱ्या अर्थाने कळतं.

सुरुवात कथांपासून

पहिल्या महिन्यात कादंबरी नकोच. शेरलॉक होम्सच्या कथा घ्या. आर्थर कॉनन डॉइलने होम्सवर 56 कथा आणि 4 कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या कथा आधी. मराठीत भालबा केळकरांनी केलेले अनुवाद आहेत, इंग्रजीचं दडपण येत असेल तर सरळ ते घ्या, त्यात कमीपणा काही नाही, रहस्य वाचताना भाषेशी झगडा नसला तरच डोकं रहस्याकडे राहतं. ठाणे-वाशी लोकल साधारण अर्ध्या तासाची, बसायला जागा मिळाली तर जाता-येता मिळून एक कथा आरामात होते. आणि एका बैठकीत किंवा एका दिवसात कथा संपली की सुरुवातीची बारीकशी गोष्ट शेवटी कशी कामाला आली हे ताजं ताजं लक्षात राहतं. हाच तर सराव आहे.

मग आगाथा ख्रिस्ती. तिच्या 66 रहस्यकादंबऱ्या आहेत, बहुतेक अडीचशे पानांच्या आसपास, भाषा साधी, आणि प्रेताचं रक्तबंबाळ वर्णन जवळजवळ नाहीच. ती पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषधांच्या विभागात काम करत होती, म्हणून तिच्या गोष्टींमधे विषाचं काम इतकं पक्कं असतं, कुठलं औषध किती प्रमाणात आणि किती वेळाने, हे ती हवेत लिहीत नाही. पॉइरो हा तिचा डिटेक्टिव्ह, त्याची पुस्तकं कुठल्याही क्रमाने वाचली तरी चालतात, फक्त "कर्टन" शेवटी ठेवा. तिने ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवली होती आणि छापली थेट 1975 मधे, पॉइरोची शेवटची केस म्हणून. आणि 1926 ची "द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड" किमान तीन-चार पुस्तकं झाल्यावर. त्या पुस्तकाबद्दल मी एक अक्षर जास्त सांगणार नाही, तुम्हीही कोणाला सांगू देऊ नका.

जुनी पुस्तकं आधी का, तर त्यात मोबाईल नाही, सीसीटीव्ही नाही, टॉवर लोकेशन नाही. कोण कुठे होतं हे माणसांच्या बोलण्यावरूनच शोधायचं. आजच्या काळातल्या कादंबरीत लेखकाला आधी फोनची बॅटरी संपवावी लागते, रेंज घालवावी लागते, कॅमेरा बंद पाडावा लागतो, आणि हे नीट जमवणारे लेखक थोडे आहेत. जुन्यात हा सगळा गोंधळच नाही म्हणून कोड्याचा सांगाडा स्वच्छ दिसतो.

पुस्तकं आणायची कुठून

विकत घेत सुटू नका. ठाण्यात राहून लायब्ररी न लावणं म्हणजे मला खरंच वाईट वाटतं. आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं आहे, वि. ल. भावे यांनी पुढाकार घेऊन सुरू केलेलं, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षाच्या शेवटी कॉनन डॉइलने गोष्टीत होम्सला धबधब्यात ढकलून संपवायचा प्रयत्न केला होता, लोकांनी काही संपवू दिलं नाही. लायब्ररीत गेलात की काउंटरवर नुसतं "रहस्यकथा आहेत का" विचारू नका, लेखकाचं नाव सांगून विचारा, कारण जुन्या मराठी रहस्यकथा बऱ्याच ठिकाणी कथा-कादंबरीच्या ढिगात मिसळून ठेवलेल्या असतात.

दिवाळी अंक सोडू नका. "धनंजय" आणि "नवल" हे अंक रहस्य, गूढ, थरार यासाठीच ओळखले जातात, एकाच अंकात दहा-पंधरा वेगवेगळ्या लेखकांच्या गोष्टी मिळतात, त्यामुळे आपल्याला कोणाची शैली झेपते ते पटकन कळतं. अनेक खाजगी लायब्रऱ्या दिवाळीनंतर ठराविक पैसे भरून महिनोन् महिने सगळे अंक आळीपाळीने वाचायला देतात, ती स्कीम नवख्या माणसाला सगळ्यात फायद्याची. जुनी पॉकेटबुकं हवी असतील तर रद्दीवाल्यांकडे चौकशी करून ठेवा, कोणाचं घर रिकामं झालं की गठ्ठेच्या गठ्ठे येतात.

घोडबंदरवरून रोज गाडी चालवत जाणाऱ्यांसाठी स्टोरीटेलवर मराठी ऑडिओबुक्स आहेत. माझं मत असं की थरार ऐकायला मस्त, पण "खुनी कोण" प्रकार ऐकू नका, त्यात मागे जाऊन चार ओळी परत बघाव्या लागतात आणि सिग्नलला ते जमत नाही.

वाचायचं कसं

आता मुख्य मुद्दा. ही कादंबरी इतर कादंबरीसारखी वाचली तरी चालते, पण नीट लक्ष ठेवून वाचली तर मजा दुपटीने येते.

पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर वाचू नका. हे मी अगदी हात जोडून सांगते. मागच्या कव्हरवर प्रकाशक पुस्तक खपावं म्हणून शंभराव्या पानापर्यंतची गोष्ट सांगून टाकतात, आणि "शेवटचं वळण तुम्हाला हादरवून टाकेल" असं लिहिलेलं असेल तर आपण पहिल्या पानापासून त्या वळणाचीच वाट बघत बसतो. रेटिंग बघा, पानं किती ते बघा, बास.

पहिल्या पन्नास पानांत नावं लिहून ठेवा. बुकमार्क म्हणून कोरा कागद ठेवायचा आणि त्यावरच नाव, नातं, आणि खुनाच्या वेळी तो म्हणतो तो कुठे होता. "म्हणतो" हा शब्द महत्त्वाचा. कारण रहस्यकादंबरीत दोन प्रकारची माहिती असते, एक जी लेखकाने स्वतः सांगितली आणि दुसरी जी एखाद्या पात्राने सांगितली, आणि नवीन वाचक दोन्ही सारख्याच धरतो. "रात्री दहाला दिवा चालू होता" हे लेखकाने लिहिलं असेल तर दिवा चालू होता. हेच जर शेजारच्या बाईंनी सांगितलं असेल तर कळतं ते इतकंच की शेजारच्या बाई असं म्हणाल्या. निम्म्या कादंबऱ्यांचं रहस्य याच फटीत दडलेलं असतं. आणि गोष्ट "मी" करून सांगितलेली असेल तर तो "मी" सुद्धा एक पात्रच आहे हे विसरायचं नाही.

पुरावे कुठे लपवतात याच्या काही ठरलेल्या जागा आहेत. एक म्हणजे यादी. टेबलावर घड्याळ, चष्मा, अर्धवट प्यायलेला चहा, दोन पेनं, औषधाची बाटली, वर्तमानपत्र असं सात-आठ वस्तूंचं वर्णन आलं की आपण घाईघाईत पुढे जातो, आणि कामाची वस्तू बहुतेक वेळा मधली असते, पहिली नाही आणि शेवटची नाही. दुसरी जागा म्हणजे काहीतरी जोरदार घडायच्या बरोब्बर आधीचं वाक्य. कोणीतरी सहज काहीतरी बोलतं आणि लगेच किंकाळी ऐकू येते, आपण किंकाळीच्या मागे धावतो आणि ते वाक्य तिथेच राहतं. तिसरी विनोदी पात्रं, बडबड्या आत्या, विसराळू म्हातारे, लहान मुलं, यांचं कोणी मनावर घेत नाही म्हणून लेखक खरी गोष्ट त्यांच्याच तोंडी घालतो. आणि चौथी सगळ्यात अवघड, जे घडायला हवं होतं पण घडलंच नाही. होम्सच्या एका गोष्टीत रात्री कुत्रा भुंकत नाही आणि तोच पुरावा असतो. जे छापलंय ते दिसतं, जे नाहीये ते दिसायला सराव लागतो, म्हणून प्रत्येक प्रकरण संपलं की दोन सेकंद थांबून स्वतःला विचारायचं की इथे कोणी काय करायला हवं होतं जे केलं नाही, रडायला हवं होतं आणि रडलं नाही, फोन करायला हवा होता आणि केला नाही, असं.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, अशी कादंबरी पंधरा दिवस ताणू नका. चार-पाच दिवसांत संपवा. मधे मोठी गॅप पडली की बारीक गोष्टी विसरतात आणि मग शेवट आला की "हे कधी सांगितलं होतं?" असं होतं, आणि आपण विनाकारण लेखकाला दोष देतो. पावसाळ्यातला शनिवार-रविवार याला उत्तम, तसंही येऊरला आणि उपवनला सगळं ठाणं लोटलेलं असतं, घरात बसा.

उलगड्याच्या आधी थांबा

डिटेक्टिव्ह सगळ्यांना एका खोलीत बोलावतो, किंवा "आता मला सगळं कळलं" म्हणतो, तिथे पुस्तक मिटा. खरंच मिटा. त्या कागदावर तुमचा संशयित लिहा आणि का ते लिहा. नुसतं नाव लिहून उपयोग नाही, "मला तो पहिल्यापासूनच आवडला नव्हता" हा तर्क होत नाही. यातून फायदा कोणाला होता, करणं शक्य कोणाला होतं, आणि अजून कुठल्या गोष्टीचं उत्तर मिळालेलं नाही, या तिन्हीचं उत्तर एकाच माणसाकडे जातं का बघा. तिसरा प्रश्न जास्त उपयोगी. कारण लेखकाने उगाच घातलेली एखादी विचित्र गोष्ट, म्हणजे बदललेला पडदा, हरवलेली एक चप्पल, ती उगाच नसते.

चुकलात तर फार छान, म्हणजे पुस्तक चांगलं होतं. मग परत पहिली तीस पानं वाचा. हे शेवटचं काम बहुतेक लोक करत नाहीत, आणि मला विचाराल तर या प्रकारातला सगळ्यात मोठा आनंद तिथेच आहे. सगळं माहीत असताना खुन्याचं पहिलं वाक्य वाचायचं, आणि त्यात लेखकाने काय काय पेरून ठेवलंय ते बघायचं.

चांगलं आणि वाईट ओळखायचं कसं

रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने 1929 मधे रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते, तो स्वतःही रहस्यकथा लिहायचा. भूतखेत चालणार नाही, जगात नसलेलं विष चालणार नाही, जुळा भाऊ आणायचा असेल तर आधी कल्पना द्यायला हवी, डिटेक्टिव्हला सापडलेला पुरावा वाचकालाही दिसला पाहिजे वगैरे. काही नियम आता जुने झाले, एक तर सरळ सरळ त्या काळच्या वंशभेदाचा नमुना आहे, पण मूळ मुद्दा अजून पक्का आहे, वाचकाशी खेळ सरळ खेळा.

माझ्या मते पुस्तक वाईट कधी? शेवटी "तो मनोरुग्ण होता" एवढंच कारण दिलं की. हा आळस आहे आणि आजारी माणसांवर अन्यायसुद्धा आहे, खून करायला माणसाला कारण लागतं आणि ते कारण शोधणं हेच लेखकाचं काम. पात्राची स्मृती गेली आणि बरोब्बर शेवटच्या प्रकरणात परत आली, हे दुसरं. तिसरं म्हणजे बाईचा खून नुसता सजावटीसाठी. पहिल्या पानावर सुंदर तरुणीचं प्रेत, त्याचं दोन पानं वर्णन, आणि नंतर तीनशे पानांत ती कोण होती, तिला काय आवडायचं, तिचं कोण रडलं, काही नाही. असं पुस्तक मी किती का गाजलेलं असेना खाली ठेवते. मेलेला माणूस हा सुद्धा माणूस आहे हे ज्या लेखकाला आठवतं त्याचंच पुस्तक पुढे दहा वर्षं लक्षात राहतं.

वैद्यकीय गोष्टींवर पण नजर ठेवा. रुमालावर क्लोरोफॉर्म घेऊन नाकाला लावला आणि दोन सेकंदात माणूस बेशुद्ध, असं होत नाही, काही मिनिटं लागतात आणि तोवर तो माणूस गप्प बसत नाही. "मृत्यू बरोब्बर दहा वाजून वीस मिनिटांनी झाला" असं कुठलाही डॉक्टर प्रेत बघून सांगू शकत नाही. शरीर ताठर व्हायला दोन-चार तासांत सुरुवात होते, बारा तासांच्या आसपास पूर्ण ताठरतं, पण आपल्याकडच्या उकाड्यात हे सगळं लवकर होतं, थंडीत उशिरा, म्हणून डॉक्टर कायम अंदाज देतात, मधे काही तासांची जागा ठेवून. चांगला लेखक त्याच जागेत खेळतो.

मराठीत काय वाचायचं

इथे मी जरा जास्त बोलणार. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराच्या वर रहस्यकथा आहेत, झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांच्या नायकांची नावं आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. गुरुनाथ नाईकांनीही हजाराच्या वर लिहिल्या. या वाचताना अपेक्षा वेगळी ठेवा, इथे पुरावे जुळवत बसायचं नाही, इथे वेग आहे, वेषांतर आहे, पाठलाग आहे, शंभर-सव्वाशे पानांत खेळ खल्लास. ख्रिस्तीच्या मापाने मोजलंत तर निराश व्हाल आणि ते अर्नाळकरांवर अन्याय करणारं होईल. त्या काळात गिरणीतला माणूससुद्धा थोड्या पैशात लायब्ररीतून पुस्तक आणून रात्री वाचत बसायचा, वाचनाची ती सवय या लोकांनी लावली हे विसरून चालणार नाही.

सुहास शिरवळकर (1948 ते 2003) बहुतेकांना "दुनियादारी" मुळे माहीत आहेत, पण त्यांच्या रहस्यकादंबऱ्या काढून वाचा. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास हे त्यांचे नायक, प्रत्येकाचा बाज वेगळा. कोर्टातली उलटतपासणी आवडत असेल तर अमर विश्वासपासून सुरू करा. संवाद असे की पान कधी उलटलं कळत नाही, आणि कॉलेजच्या मुलांना मराठी वाचायला लावायचं असेल तर माझं पहिलं नाव हेच. नारायण धारप भयकथांचे, त्यांना इथे मोजू नका, पण वातावरण कसं उभं करतात ते बघायला जरूर वाचा. डॉक्टरी थरार हवा असेल तर रॉबिन कुक मराठी अनुवादात मिळतो, तो स्वतः डॉक्टर आहे आणि हॉस्पिटलचे कॉरिडॉर त्याला आतून माहीत आहेत.

बंगाली डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्षी इंग्रजी-हिंदीतून मिळतो, 1993 ची दूरदर्शनवरची मालिका ज्यांनी बघितली त्यांना ओळख करून द्यायला नको. मुंबईवरचं इंग्रजीत हवं असेल तर एच. आर. एफ. कीटिंगचा इन्स्पेक्टर घोटे, पहिलं पुस्तक 1964 चं. या माणसाने मुंबईत पाऊल न ठेवता साधारण दहा वर्षं मुंबईच्या पोलिसावर पुस्तकं लिहिली, आणि तरी घोटे हा साधा, साहेबाला घाबरणारा, घरी बायकोचं ऐकणारा माणूस खरा वाटतो. सुजाता मॅसीची परवीन मिस्त्री ही 1920 च्या दशकातल्या मुंबईतली पारशी वकील, "द विडोज ऑफ मलबार हिल" वाचा, त्यात रहस्याइतकंच बायकांच्या वारसाहक्काचं चित्र चांगलं आलंय.

आपल्याकडच्या गोष्टी वाचताना एक कसोटी लावा. खूपशा मराठी-हिंदी गोष्टींत शेवटी इन्स्पेक्टरसमोर खुनी घडाघडा कबुली देतो आणि केस संपते. आपल्या कायद्यात पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात चालतच नाही, आधी एव्हिडन्स ॲक्टचं कलम 25 होतं आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23, नियम तोच. मॅजिस्ट्रेटसमोरची कबुली वेगळी. म्हणजे कबुलीवर संपणारी गोष्ट खरंतर संपलेलीच नाही, हत्यार कुठे, पंचनामा कोणी केला, पंच फुटले तर काय, हे राहिलंच. तसंच अटक केल्यावर 24 तासांत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला लागतं, तीन-तीन दिवस तळघरात चौकशी चाललीय असं लिहिलं असेल तर लेखकाने एकतर ते बेकायदेशीर आहे हे दाखवायला हवं नाहीतर अभ्यास करायला हवा. खून म्हणजे 302 हे डोक्यात बसलंय आपल्या, पण जुलै 2024 नंतर घडणाऱ्या गोष्टीत ते भारतीय न्याय संहितेचं 103 असायला पाहिजे. नव्या लेखकांनी हे सांभाळलंय का बघत चला, मला तर तेवढ्यावरूनच कळतं की याने मेहनत घेतलीय.

आणि एक मनातलं. ठाण्यावर, नवी मुंबईवर चांगली रहस्यकादंबरी यायला हवी असं मला फार वाटतं, आणि तुमच्यापैकी कोणी लिहिणार असेल तर कारणं शोधायला लांब जायला नको. नौपाड्यातली जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, एका म्हाताऱ्या आजोबांची सही बाकी आहे, फ्लॅटला नॉमिनी एक आणि वारस तीन, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क तसाच राहतो हे त्यातल्या एकालाच माहीत आहे. झाली की कादंबरी! ख्रिस्तीच्या इस्टेटी आणि मृत्युपत्रं म्हणजे दुसरं काय होतं. मागे खाडी आहे, येऊरचं जंगल आहे, रात्री साडेअकराची ऐरोलीकडे जाणारी रिकामी लोकल आहे, परदेशातला बर्फ कशाला हवा.

दुसऱ्याला सांगताना

दोन-तीन महिने वाचलंत की तुम्हालाही लोक विचारायला लागतील. तेव्हा पुस्तकाचं नाव, लेखक, कुठल्या प्रकारातलं, पानं किती आणि हिंसा किती एवढंच सांगा. "शेवट मस्त आहे" हेही नको. "नवऱ्यावर लक्ष ठेव" हे तर अजिबात नको, त्यात तुम्ही सगळंच सांगून टाकलेलं असतं. हिंसेचं मात्र आवर्जून सांगा, लहान मुलांवरचे अत्याचार असलेलं पुस्तक एखाद्या नवीन आईच्या हातात न सांगता देऊ नये. लायब्ररीच्या पुस्तकात समासात पेन्सिलने खुन्याचं नाव लिहून ठेवणारे महाभाग असतात, तसं दिसलं तर ते नाव मोठ्याने न वाचता खोडरबरने पुसून काउंटरवरच्या बाईंना सांगा, म्हणजे पुढच्या वाचकाला पुस्तक कोरं मिळेल.

पहिल्या तीन महिन्यांसाठी माझा क्रम असा, होम्सच्या आठ-दहा कथा, मग शिरवळकरांचा एक अमर विश्वास, मग ख्रिस्तीच्या तीन, मधे एक अर्नाळकर चवीसाठी, मग ॲक्रॉइड, आणि ते झाल्यावर हिगाशिनो. या सगळ्यात एखादं आवडलं नाही तर पन्नास पानांनंतर खुशाल सोडा आणि पुढचं घ्या.